कपडेखान्याचा सातवा हात

दवाखान्यात सगळ्यात मोठं टेबल इस्त्रीमावशींचं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब, वर जुनं ब्लँकेट ताणून बसवलेलं, त्यावर पांढरं मांजरपाट. रोज सकाळी आठ वाजता मावशी त्याच्या खिडकीकडच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असं करत संध्याकाळी पाचला थांबायच्या. एवढं टेबल दुसरीकडे कुठेच नसल्यामुळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला, दवाखान्याच्या मंडळाची सभाही त्यांच्याच कपडेखान्यात भरायची. दाराकडच्या टोकाला मंडळ बसून शहराच्या तब्येतीची काळजी करायचं आणि खिडकीकडच्या टोकाला मावशी उभ्या राहून इस्त्री करायच्या. मधे घडी घातलेल्या चादरींची चळत असायची. चहा आला की ती चळत मावशी स्वतः उचलून बाजूला ठेवायच्या, कारण मंडळातल्या माणसांच्या हातातल्या कपावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

हा दवाखाना नगरपालिकेचा. नगरपालिकेचा म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही तोवर सगळं ठीक होतं. चाळीस वर्षांपूर्वी नगरपालिकेने गावाबाहेरच्या बागेतली एक इमारत दवाखान्याला दिली आणि त्याचा ठराव बागेच्याच फायलीत लावून टाकला. तेव्हापासून सरकारदरबारी दवाखाना असा नव्हताच. होती ती बाग. क्ष-किरणांचं यंत्र आलं तेव्हा त्याच्या खोक्यावर पत्ता उद्यान विभागाचा होता. छप्पर गळायला लागलं तेव्हा माळ्यांच्या मुकादमाची सही घ्यावी लागली, आणि तो भला माणूस सही करताना म्हणाला की झाडांना पाणी मिळतंय तर मिळू दे की.

कारभार मात्र मंडळ पाहायचं. नगरपालिकेने नेमलेले नऊ सभासद कागदावर होते, त्यातले यायचे सहा. अध्यक्ष म्हणजे औषधांच्या दुकानाचे अण्णा, मग थोरल्या डॉक्टरीणबाई, एक वकीलसाहेब, आणि नगरपालिकेचे तीन नगरसेवक. हे तिघे एकमेकांशेजारी बसायचे, एकदम हात वर करायचे आणि एकदम खाली घ्यायचे. आता नियम असा की सभेला निदान सात जण हजर हवेत. सहा असले तर ती सभा नव्हे, नुसता चहा.

एकवीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी कपडे धुण्याचा बॉयलर फुटायच्या बेताला आला होता आणि नवा घ्यायचा ठराव करणं भाग होतं. सहा जण जमले, सातवा काही येईना. कारकून वही उघडून बसले होते. या कारकुनांना सगळे कार्बनराव म्हणायचे, कारण ते घरच्या किराण्याच्या यादीच्याही तीन प्रती काढायचे. अण्णांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही आहात ना इथेच?"

"मी कुठे जाणार अण्णा? इस्त्री तापलीय."

"मग झाले सात," अण्णा म्हणाले. "आजच्यापुरतं."

कार्बनरावांनी हजर असलेल्यांची नावं लिहिली आणि सातव्या ओळीत लिहिलं, 'प्रतिनिधी, कपडेखाना'. मग अण्णांनी विचारलं, नवा बॉयलर घ्यावा असं कोणाकोणाला वाटतं. उजव्या हातात इस्त्री होती म्हणून मावशींनी डावा हात वर केला. आपल्याला कोणी काही विचारलं याचंच त्यांना त्या दिवशी इतकं नवल वाटलं, की एका डगल्याच्या बाहीवर दुहेरी चुणी पडली.

ते 'आजच्यापुरतं' एकवीस वर्षं चाललं. सुरुवातीला मावशी सगळ्यांबरोबर हात वर करायच्या. मग हळूहळू त्या ऐकायला लागल्या. ऐकायला लागलं की माणसाला मतं फुटतात, आणि मावशींना ती भराभर फुटली. रुग्णांना भेटायची वेळ कमी करायचा ठराव आला तेव्हा त्यांचा हात खालीच राहिला. "विरोधात कोण?" अण्णांनी नियमाप्रमाणे विचारलं, आणि डावा हात वर गेला. कार्बनरावांनी लिहिलं, 'विरोधी मत एक, कपडेखाना'. कोणी काही म्हटलं नाही. मावशींनी विरोध केला की तो ठराव पुढच्या महिन्यात जरा शहाणा होऊन परत येतो, हे अण्णांच्या लक्षात आलं होतं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

आणि नऊ वर्षांपूर्वीचं ते बाळंतिणींच्या खोलीचं प्रकरण. नगरपालिकेला जुनी दप्तरं ठेवायला जागा हवी होती. नगरसेवक म्हणाले, तिथे हल्ली फारसं कोणी येत नाही, खोली बंद करू. तिघांचे हात वर गेले. अण्णा, डॉक्टरीणबाई आणि वकीलसाहेब विरोधात. तीन आणि तीन. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे वळली.

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. "त्या खोलीतून महिन्याला दीडशे चादरी येतात माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "कोणी येत नसेल तर मग चादरी आपण होऊन मळत असतील." आणि डावा हात विरोधात वर केला. खोली राहिली. त्या संध्याकाळी घरी जाऊन मावशींनी नवऱ्याला सगळी सभा पहिल्या वाक्यापासून सांगितली, आणि बस चालवून दमून आलेला तो माणूस जेवता जेवता म्हणाला, "म्हणजे दवाखाना तूच चालवतेस म्हण की." मावशींनी त्याला आणखी वाढलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कायदा आला.

कायदा चांगला होता, हेच तर दुखणं. नगरपालिकांनी चालवलेल्या दवाखान्यांच्या मंडळांना आता कायद्याने मान्यता मिळणार होती. मंडळाला स्वतःचं नाव, स्वतःचा शिक्का. बागेच्या फायलीतून कायमची सुटका. फक्त सिद्ध करायचं होतं की गेली बारा वर्षं मंडळाच्या सभा नियमाने झाल्या आहेत. ज्यांना हे जमणार नाही ते दवाखाने वर्षअखेरीला मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला जोडले जातील. जोडले जातील याचा अर्थ डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सरळ शब्दांत सांगितला: बाळंतिणींची खोली आधी बंद होईल, मग रात्रपाळी, आणि मग उरेल ते ताप बघायचं एक टेबल.

वकीलसाहेबांनी सभांच्या वह्या घरी नेल्या. दोन दिवसांनी परत आणल्या तेव्हा त्यांचा चेहरा खळ घातलेल्या अभ्र्यासारखा झाला होता.

"सातवी व्यक्ती," ते म्हणाले, "कधी नेमलेलीच नाही. सगळ्या सभा सहाच जणांच्या. म्हणजे बारा वर्षांत आपली कायदेशीर अशी एकही सभा झालेली नाही."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मावशी एक चादर घडी घालत होत्या. त्यांनी ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. हा दवाखाना आपल्यामुळे बुडतोय, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

मग वकीलसाहेबांनी तोड काढली. कागदावरच्या नऊ सभासदांमध्ये एक दंतवैद्य होते. ते सभेला कधी आले नव्हते, कारण मंगळवारी दुपारी त्यांच्या खुर्चीत कोणीतरी तोंड उघडून बसलेलं असे. पण त्यांची खोली कपडेखान्याला लागूनच होती, आणि मधली भिंत पातळ होती. वकीलसाहेबांचं म्हणणं असं, की दंतवैद्य भिंतीपलीकडून हजर होते.

"भिंतीपलीकडून," अण्णा म्हणाले.

"ऐकत होते. अनुमोदन देत होते."

"ते नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांचे पेशंट देत होते. मी ऐकलंय ते."

पण दुसरा मार्ग कोणालाच दिसेना. राहिला प्रश्न वहीतल्या 'कपडेखाना' या शब्दाचा, आणि वर गेलेल्या त्या हाताचा. त्यासाठी वकीलसाहेबांनी मावशींच्या नावाने एक जबाब तयार केला आणि कार्बनरावांनी त्याच्या तीन प्रती काढल्या. त्यात लिहिलं होतं की मी मंडळाची सभासद नव्हते व नाही. सभेच्या वेळी मी त्या खोलीत केवळ माझं काम करत असे. माझा हात वर गेला असल्यास तो दोरीवर चादर टाकण्यासाठी गेला असावा.

मावशींनी कागद दोनदा वाचला. "आणि बाळंतिणींच्या खोलीच्या वेळचा?"

"तोही चादरीसाठीच," वकीलसाहेब खाली बघत म्हणाले. "भिंतीपलीकडून दंतवैद्यांनी मत दिलं असं धरू."

"मी बोललेसुद्धा होते तेव्हा."

"ते वहीत नाहीये, मावशी."

"कागद घरी नेते," मावशी म्हणाल्या. "उद्या देते."

घरी सून आठव्या महिन्याचं पोट घेऊन पाय वर करून बसली होती. पहिलं बाळंतपण, आणि तिला एकाच गोष्टीचा दिलासा होता, की दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मावशींचा नवरा आता निवृत्त होता, पण तोंड निवृत्त झालेलं नव्हतं. त्याने कागद घेतला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. दोरीशी पोचल्यावर त्याने चष्मा काढला.

"एकवीस वर्षं तू मला दर दुसऱ्या मंगळवारी जेवताना सभा सांगतेस," तो म्हणाला. "मी काय चादरींच्या गोष्टी ऐकत होतो?"

"नाही केली सही तर दवाखाना जाईल म्हणतात."

"मग जायचं कुठे, मोठ्या शहरात? मी तीस वर्षं ती बस चालवलीय. दीड तासाचा रस्ता आहे आणि चाळीस वळणं. धडधाकट माणसालाही उलट्या होतात." मग त्याची नजर सुनेकडे गेली आणि त्याने घाईघाईने तिच्या पायांखाली आणखी एक उशी सरकवली.

"आई, तुम्ही नका करू सही," सून म्हणाली. "मला सांगितलंय ना तुम्ही सगळं. ती खोली तुम्ही ठेवलीत म्हणून आहे."

"म्हणून तर करायची," मावशी म्हणाल्या.

त्यांना फार लागलं होतं, आणि ते त्या लपवतही नव्हत्या. पगारवाढ नाही मिळाली तेव्हा नव्हतं लागलं इतकं. हात ही काही मोठी वस्तू नाही. पण त्या एका हाताने त्यांनी महिन्यातून एक तास असं काहीतरी केलं होतं जे त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी केलं नसतं. ते सगळं आता चादर टाकणं ठरणार होतं. त्यांनी सही केली. नीट, संथपणे, शेवटच्या रेघेसकट. मग उठून भांडी घासली, आणि त्यातली दोन पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी कार्बनरावांनी कागद घेतला आणि सुतळीचं एक जाड गुंडाळं मावशींच्या हातात दिलं. "नोंदणी अधिकारी बाई सोमवारी येणार. तोवर इथे एक दोरी बांधून ठेवा. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत. दोन चादरी टाकून ठेवा ओल्या. बाकी आम्ही बघतो."

"बरं," मावशी म्हणाल्या.

अधिकारी बाई सोमवारी आल्या. किरकोळ अंगाच्या, चष्म्याला साखळी, हातात स्वतःचा डबा. बोलायच्या कमी आणि वाचायच्या फार. वह्या पसरायला मोठी जागा हवी म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण जागा एकच होती. त्या कपडेखान्यात दाराकडच्या टोकाला बसल्या आणि अडीच दिवस वाचत राहिल्या. अधूनमधून वहीत कागदाची चिठ्ठी घालायच्या. खिडकीकडच्या टोकाला मावशी इस्त्री करायच्या. मंगळवारी दुपारी बाई मान वर न करता म्हणाल्या, "खळ घरी करता की विकतची?" मावशी म्हणाल्या, "घरची. विकतची कपाळाला टोचते पेशंटच्या." बाईंनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. एवढंच काय ते बोलणं.

बुधवारी बाराला बाईंनी मंडळाला बोलावलं. सहाही जण आले. दंतवैद्यांनाही आणलं होतं. ते एप्रन न काढता दाराशी उभे होते, आणि त्यांच्या खुर्चीतला पेशंट भिंतीपलीकडे वाट बघत होता.

"हे सातवे सभासद," वकीलसाहेब म्हणाले.

"वहीत कुठेच दिसले नाहीत मला," बाई म्हणाल्या.

"भिंतीपलीकडून हजर असायचे."

बाईंनी दंतवैद्यांकडे पाहिलं. "शेवटच्या सभेत काय ठरलं?"

दंतवैद्य प्रामाणिक माणूस होता. "खुर्च्या सरकल्याचा आवाज आला होता," ते म्हणाले. "तेवढं नक्की." आणि पेशंट थांबलाय असं सांगून निघून गेले.

बाईंनी मावशींचा जबाब वर काढला. तो त्यांनी मोठ्याने वाचला नाही, एवढी माणुसकी दाखवली. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी छताकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच वर पाहिलं. छताला एक दिवा होता आणि एक पंखा होता. भिंतींवर समोरासमोर दोन खिळे होते आणि त्यांच्या मधे हवा होती.

"दोरी कुठे आहे?"

कार्बनरावांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी खाली कोपऱ्यात पाहिलं. तिथे धुवायला जाणाऱ्या चादरींचं मोठं गाठोडं होतं, आणि ते नव्या जाड सुतळीने चारी बाजूंनी करकचून बांधलेलं होतं.

"दोरी ही काय," मावशी म्हणाल्या.

"ही इथे वर बांधलेली असायची?"

आता 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मावशींना ते कळत होतं. पाच दिवस त्यांनी मनाशी तेच घोकलं होतं. शुक्रवारी, शनिवारी, असं दोनदा स्टुलावर चढून त्या खिळ्यापर्यंत पोचल्याही होत्या. दोन्ही वेळा त्यांचा हात पुढे होईना. खोटी सही त्यांना करता आली होती. पण कपडेखान्यात ओली चादर टाकायची म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा.

"नाही," त्या म्हणाल्या. "या खोलीत ओलं कापड मी कधीच टाकत नाही. वारा नाही इथे, बुरशी धरते. आमचे कपडे गच्चीवर वाळतात, उन्हात. पेशंटच्या अंगाखाली जायचं असतं ते, कोणाच्या घरचं पायपुसणं नाही."

वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. एकवीस वर्षं त्या टेबलाशी बसून चहा प्यायलेल्या सहा माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की दवाखान्याच्या चादरी गच्चीवर वाळतात.

"मग बाई," अधिकारी म्हणाल्या, "हात कशाला वर करत होतात?"

खोलीत इस्त्रीच्या खटक्याचा आवाज झाला, ती तापून आपोआप बंद झाली होती. मावशींच्या डोळ्यांपुढे सून आली, ती चाळीस वळणं आली. सही केलेला कागद तर समोरच होता. जबाब खोटा ठरला की आपलं काय व्हायचं ते होईल, पण दवाखान्याचं काय, हे त्यांना कळेना. आणि तरीसुद्धा, त्या बाईंनी विचारलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी अण्णांनी विचारलं होतं तसंच सरळ.

"मत द्यायला," मावशी म्हणाल्या.

"अस्सं." बाईंनी वह्या पुढे ओढल्या. चिठ्ठ्या घातलेली पानं त्या एकेक करून उघडत गेल्या. "भेटायच्या वेळेला विरोध. रुग्णांच्या जेवणाचं काम दूरच्या माणसाला द्यायला विरोध. जिना अरुंद करायला विरोध. सतरा वेळा. आणि ही बाळंतिणींची खोली, तीनास तीन, आणि मग एक. हे सगळं तुमचं?"

"जिन्याच्या वेळी मी जरा रागात होते," मावशी म्हणाल्या. "पण हो. माझंच."

"मान्यता द्यायची तर मला दोन गोष्टी बघाव्या लागतात," बाई सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. "सभा नियमाने झाल्या का, ही एक. दुसरी म्हणजे मंडळ खरंच वेगळं आहे, की नगरपालिकाच खुर्ची बदलून बसते. अडीच दिवस मी या वह्यांत एकच गोष्ट शोधत होते. या मंडळाने नगरपालिकेला कधी नाही म्हटलंय का? एकदाच म्हटलंय. एका मताने. आणि त्या एका मताचा तुम्ही लोकांनी चादरीचा झटका करून टाकलात."

तिन्ही नगरसेवकांनी एकदम माना खाली घातल्या.

"पण बाई," वकीलसाहेब अगदी हळू म्हणाले, "यांची नेमणूकच नाही."

"कायद्याचं चौदावं पान वाचलंत?"

"वाचायला घेतलं होतं," वकीलसाहेब म्हणाले.

बाईंनी ते पान काढून वाचलं. त्यात लिहिलं होतं, की बारा वर्षं किंवा अधिक काळ ज्या व्यक्तीने उघडपणे आणि कोणाचीही हरकत न येता सभासदाचं काम केलं, ती नेमलेली नसली तरी सभासदच समजावी. मग त्यांनी वही वकीलसाहेबांसमोर ठेवली. दर महिन्याला, सातव्या ओळीत, कार्बनरावांच्या गोल अक्षरात, तीन प्रतींमध्ये, 'कपडेखाना'. याहून उघड करायचं म्हणजे दवाखान्याच्या दारावर पाटी लावायला हवी होती. तीन आठवडे मंडळाने जिवाचं रान करून जे झाकलं, त्याच्यात चांगलं एवढंच होतं की त्याआधी एकवीस वर्षं ते कधी झाकलेलं नव्हतं.

अण्णा उठले. त्यांनी टेबलावरची चळत उचलून बाजूला ठेवायला घेतली आणि ती पाडली. मावशी धावल्या.

"राहता राहिला हा कागद," निघताना अधिकारी बाई जबाबाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "मला तो दिसला नाही असं मी म्हणू शकत नाही. सही घेतलीत, आता तो मागे घ्यायचा तर मंडळाने सभेत रीतसर ठराव करावा. मान्यता मिळाल्यावरचा पहिला ठराव तोच असू दे." दाराशी थांबून त्या मावशींना म्हणाल्या, "खळीत मीठ घालता का हो?" मावशी म्हणाल्या, "चिमूटभर." बाईंनी ते स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं.

मान्यतेचं पत्र सहा आठवड्यांनी आलं. तोवर सुनेला मुलगी झाली होती, बाळंतिणींच्याच खोलीत. तिच्या पलंगावरची चादर कडक इस्त्रीची होती आणि आजोबा झालेला मावशींचा नवरा व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून त्या खोलीचा सगळा इतिहास सांगत होता. पत्रात मंडळाचं नवं नाव होतं, नवा शिक्का होता आणि सभासदांची यादी होती. सातव्या ओळीत या वेळी 'कपडेखाना' नव्हतं. मावशींचं संपूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. कार्बनरावांनी ते कुठून शोधून काढलं देव जाणे.

सभेची लेखी सूचना सात दिवस आधी सभासदाच्या घरी पोचली पाहिजे, असा आता नियम होता. त्यामुळे रोज आठला समोर दिसणाऱ्या मावशींना कार्बनरावांनी घरी जाऊन पाकीट दिलं आणि पोच घेतली. मावशींच्या नवऱ्याने ते पाकीट आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलं.

दुसऱ्या मंगळवारी साडेतीनला सगळे जमले. मावशींसाठी सातवी खुर्ची आणली होती, हात असलेली, गादीची. खुर्ची चांगली होती. मावशींनी तिच्यावर अभ्रे ठेवले आणि आपल्या टोकाला जाऊन इस्त्री लावली.

अण्णांनी घसा साफ करून पहिला ठराव वाचला. कपडेखान्याच्या सभासद बाईंकडून घेतलेला तो जबाब रद्द करण्यात यावा. तो घ्यायला नको होता, याचं मंडळाला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी एकवीस वर्षं जी मतं दिली ती मतंच होती. शेवटचं वाक्य वकीलसाहेबांनी लिहिलं होतं, आणि ते अण्णांनी दोनदा वाचलं.

मावशींचा डावा हात सवयीने निघालाच होता.

"एक मिनिट, मावशी," कार्बनराव म्हणाले. नवा कायदा त्यांनी आता चौदाव्या पानाच्याही पुढे वाचला होता. "स्वतःच्या बाबतीतल्या ठरावावर सभासदाला मत देता येत नाही. तुम्ही हजर धरल्या जाल. पण या एकाला हात खाली."

"बरं," मावशी म्हणाल्या.

अण्णांचा हात वर गेला. डॉक्टरीणबाईंचा गेला, वकीलसाहेबांचा गेला. मग तिन्ही नगरसेवकांचे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकदम नाही, एकेक करून गेले. सहा हात वर होते आणि सहाही माणसं खिडकीकडे बघत होती. डावा हात खाली ठेवायला मावशींना चादरीचं टोक घट्ट मुठीत धरून ठेवावं लागलं.